हिरव्या गाडीला गिऱ्हाईक

समजा, तुम्ही नऊ वर्षांचे आहात आणि भर रस्त्यात पालथे पडला आहात. गाल डांबराला टेकलेला. डोळ्यांसमोर स्पीडब्रेकर, आणि त्यावर एक हिरवी गाडी तिरकी चढते आहे. गाडीचं पोट आणि रस्ता यांच्यात तुमचा तळहात उभा मावेल एवढी फट आहे. मग चार बोटं मावतील एवढी. मग दोन. तुमचं काम एकच, फट संपायच्या आत ओरडायचं. (हे फक्त समजायचं, बरं का. खरोखर रस्त्यावर कुणी झोपायचं नसतं. करुणालाही झोपायचं नव्हतं, पण आत्यापुढे तिचं काय चालणार!)

"थांब!" करुणा ओरडली.

गाडी थांबली. मागे रिक्षा थांबली, रिक्षामागे दुधाचा टेम्पो, आणि टेम्पोमागे अख्खं हर्सूल हॉर्न वाजवू लागलं.

"लागतंय का?" खिडकीतून आत्यानं, म्हणजे संध्यानं, विचारलं.

"नाय. एक बोट राहिलंय."

"मग थांब काय म्हणतीस? ये म्हण ना!"

"ये. ये. डावीकडं घे. ये. हां, गेली!"

रिक्षावाल्यानं मान बाहेर काढली. "ओ मॅडम, डोक्यावर घेऊन चला ना गाडी! लवकर पोचाल."

"घेतली असती काका," संध्या म्हणाली, "पण डोक्यावर आधीच तुम्ही बसलाय."

करुणा फ्रॉक झटकत गाडीत बसली. तिच्या आत्याची ही गाडी दोन दारांची होती आणि कच्च्या कैरीसारखी हिरवी. आठ वर्षांपूर्वी अपघातात चेपलेली स्पोर्ट्स कार संध्यानं जवळजवळ भंगाराच्या भावात घेतली होती. तेव्हापासून वाळूजच्या कंपनीतली ड्युटी संपली की ती घरामागच्या पत्र्याखाली या गाडीच्या पोटात शिरायची. इंजिनाला जास्त हवा ओढणारा टर्बो तिनं बसवला. मोठे ब्रेक बसवले. वळणावर गाडी झुकू नये म्हणून स्प्रिंगा बदलून ती जमिनीलगत आणली. सगळी वायरिंग नव्यानं ओढली. नवा रंग आरटीओत गाडीच्या कागदांवर चढवून घेतला आणि सायलेन्सरचा आवाज मोजून कायद्यात बसवला.

आता ती गाडी विकायची होती, कारण जटवाडा रोडवरची गीताबाईंची शेड भाड्यानं मिळणार होती. संध्याला नोकरी सोडून स्वतःचं गॅरेज टाकायचं होतं. गीताबाईंनी तिला सांगितलं होतं, "पोरी, मला तुलाच द्यायचीय. पण प्लायवूडवाला रोज येऊन बसायलाय. रविवारी संध्याकाळपर्यंत बयाणा आण. सोमवारी मी त्याला नाय म्हणू शकत नाय."

म्हणून ही वरात क्रांती चौकाच्या पुढे, जुन्या गाड्यांच्या शोरूमकडे निघाली होती.

शोरूमचे मालक शिवराजभाऊ भले गृहस्थ होते. त्यांनी करुणाला चॉकलेट दिलं, संध्याला खुर्ची दिली, आणि मग गाडीभोवती सावकाश फेरी मारली. वैद्यानं नाडी बघावी तसा प्रत्येक गोष्टीला ते हात लावत होते, आणि हात लावला की एकच शब्द बोलत होते.

"हे काढा." सीट.

"हे काढा." पुढचा बंपर.

"हे तर काढाच." सायलेन्सर.

"भाऊ, तो कायद्यातला आहे. आवाज मोजलेला कागद आहे."

"असेल, मॅडम. पण आमच्याकडं येणाऱ्या माणसाला कागद बघायचा नसतो, त्याला गाडी कंपनीसारखी बघायची असते. त्याला बँकेचं कर्ज पाहिजे. बँकेचा माणूस हे बॉनेट उघडंल ना, तर चहा न पिता उठून जाईल." शिवराजभाऊ हसले. "गाडी फस्क्लास आहे. पण मी गाड्या विकतो, हौस विकत नाही."

"मग मी केलेल्या कामाचे काहीच नाही?"

"कामाचे वजा."

"म्हणजे शून्य?"

"शून्य नाही. वजा. हे सगळं उतरवायला मला माणूस लावावा लागतो ना!"

करुणाला शाळेत वजाबाकी शिकवली होती. पण त्यातले आंबे कुणीतरी खाल्लेले असायचे किंवा गोट्या हरवलेल्या असायच्या. केलेलं काम वजा होतं हे तिच्या गुरुजींनी सांगितलं नव्हतं.

शेवटी शिवराजभाऊंनी तोड काढली. मूळच्या सीटा, बंपर, सायलेन्सर आणि स्प्रिंगा संध्यानं बसवून आणायच्या, बाकीचं ते बघतील. मग ते जी किंमत देत होते तिच्यात शेडचा बयाणा कसाबसा निघत होता. शोरूम रविवारी संध्याकाळपर्यंत उघडं होतं.

"मूळ सामान जपून ठेवलंय ना?" त्यांनी विचारलं.

"घरातच आहे," संध्या म्हणाली, आणि तिनं डोळे मिटून घेतले.

सामान घरात होतं यात खोटं काही नव्हतं. पण गरिबाघरी रिकामी वस्तू फार दिवस रिकामी राहत नाही. पुढच्या बंपरवर संध्याच्या आईनं, म्हणजे सत्यभामाबाईंनी, दोडक्याचा वेल चढवला होता. वेलाला फुलं आली होती. चार स्प्रिंगांवर फळी टाकून पाण्याच्या टाकीचा कट्टा झाला होता. सायलेन्सर मागच्या दाराचा अडसर होता. आणि ड्रायव्हरची सीट अंगणात होती, तिच्यावर सत्यभामाबाई बसल्या होत्या.

"उठ आई, सीट पाहिजे."

"मी मेल्यावर घे." सत्यभामाबाईंनी मेथीची जुडी सोडली. तीस वर्षं त्या बाजारात भाजी विकायला खाली बसल्या होत्या. "या सीटमुळं माझी कंबर सरळ झालीय. डॉक्टरनं नाय केली, सीटनं केली. मागं-पुढं होती. तुझ्या बापानं कधी अशी खुर्ची आणली का?"

"नवीन खुर्ची आणते ना मी!"

"मागं-पुढं होणारी?"

संध्या बंपरकडे गेली आणि दोडक्याचा वेल सोडवू लागली. वेलाचा एकेक तंतू तारेसारखा गुंडाळलेला होता. ओढला तर तुटत होता, सोडवला तर बोटाला चिकटत होता. बऱ्याच वेळानं तिनं वेल आणि बंपर दोन्ही तसेच सोडले आणि खिशातून फोन काढला.

"मी डायरेक्ट विकते. गिऱ्हाइकाला. आहे तशी."

तिनं गाडीचे फोटो टाकले आणि जाहिरात दिली. तुम्ही कधी मुंग्यांच्या वाटेवर गुळाचा खडा ठेवलाय? तसं झालं. फक्त मुंग्या गूळ नेतात, ही मंडळी नुसतीच येऊन बघून गेली.

पहिल्यानं फोनवर विचारलं, "ॲव्हरेज किती देती?" दुसऱ्यानं विचारलं, "मागं मक्याची दोन पोती बसतील का?" तिसरा म्हणाला, "मिस्टरांना द्या फोन." संध्या म्हणाली, मिस्टर नाहीत. तो म्हणाला, "बरं, ड्युटीवरून आले की करतो."

दोन पोरं टी.व्ही. सेंटरच्या चौकातून आली. एकानं गाडीला टेकून फोटो काढले, दुसऱ्यानं काढले, मग दोघांनी मिळून काढले.

"क्या मॅडम, सायलेन्सरसे फटाके नही फोडती ये?"

"नाही. फोडत नाही."

"फिर मजा क्या?"

एक गृहस्थ भाच्याच्या वरातीसाठी एका दिवसापुरती मागायला आले. देत नाही म्हटल्यावर, "मग बॉनेटवर निदान हार टाकून फोटो तरी घेऊ द्या," म्हणाले.

आणि दोघे-तिघे खरोखरचे जाणकार आले. ते गाडीखाली वाकायचे, बॉनेटमध्ये डोकं घालायचे. त्यांच्या तोंडून "वा!" निघायचं. मग प्रश्न यायचा, "काम कुठं केलं?"

"इथंच. मी केलं."

"तुम्ही म्हणजे, तुमच्या गॅरेजवाल्यानं?"

"मी. माझ्या हातानं."

त्यानंतर वाकलेलं माणूस सरळ व्हायचं. हात पुसायचं. काही जण हसायचे, काही जण फार आदरानं बोलायचे, आणि सगळे जण सारखंच वाक्य बोलून निघायचे, "ठीक आहे, कळवतो."

शुक्रवारी असाच एक कळवणारा गेल्यावर संध्यानं हातातला पाना इतक्या जोरात पेटीत टाकला, की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.

त्याच वेळी घरात तिचा फोन वाजला. सत्यभामाबाईंनी उचलला. करुणा तिथेच गृहपाठ करत होती. आजी म्हणत होती, "व्हय, व्हय. हाय गाडी. नाय नाय, इथल्या कुणी नाय केली. पुण्याच्या गॅरेजात बनलीय. मोठं हाय. लई मोठं. या ना रविवारी."

संध्या दारात उभी होती.

"आई, हे काय?"

"सिल्लोडचा पोरगा हाय. येतो म्हणला. कळवतो नाय म्हणला, येतो म्हणला."

"पुण्याचं गॅरेज कुठून काढलं?"

"तोंडातून." सत्यभामाबाई शांतपणे फोन पदराला पुसत होत्या. "हे बघ संध्ये. मी हर्सूलची मेथी विकायची. गिऱ्हाईक विचारायचं, कुठली? मी म्हणायची, फुलंब्रीची. मग ते खूश. घरी जाऊन खायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा फुलंब्रीचीच मागायचं. मेथी बदलली का? मेथी चांगलीच होती. नावानं चालली. त्यात कुणाचं काय गेलं?"

"मेथीचं गेलं," करुणा म्हणाली.

"तू गप गं. पाढे म्हण."

संध्यानं चुलीजवळच्या माठातून पाणी घेतलं, अर्धं प्यायली, उरलेलं दोडक्याच्या मुळाशी ओतलं.

"एकदाच," ती म्हणाली. "शेडसाठी."

रविवारी सकाळी सिल्लोडहून प्रणय आला, आणि त्याच्यासोबत त्याचे वडील मोतीरामभाऊ. त्यांचा मक्याचा आणि कापसाचा व्यापार होता.

"राम राम," मोतीरामभाऊ म्हणाले.

"जयभीम," सत्यभामाबाई म्हणाल्या. "बसा. चहा टाकते." आणि त्या सीटवरून उठल्या. पाहुण्याला ती सीट त्यांनी आजवर दिली नव्हती. मोतीरामभाऊ बसले, सीट मागे गेली, त्यांचे पाय वर आले आणि टोपी पडली.

"आयला! हे काय हाय?"

"गाडीचं ओरिजिनल सामान," करुणा म्हणाली.

प्रणय मात्र बसला नाही. तो बॉनेट उघडून उभा होता. असा मुलगा तुम्ही एखाद्या किल्ल्यावर पाहिला असेल, पाटी न वाचता जो भिंतीतले दगड बघतो. त्यानं कशालाच हात लावला नाही. आधी नुसतं पाहिलं.

"बाबा, इकडं या. ही वायरिंग बघा. एक वायर सुटी नाही. वेणी घातल्यासारखी आहे."

"वायर आहे. दिसली."

"तुम्हाला नाही कळणार. आणि हे ब्रॅकेट बघा, हे विकत मिळत नाही. कुणीतरी कापून, घासून, कोपऱ्यांची धार मारून बनवलंय. कोपरे कशाला मारायचे? कोण बघणार होतं? पण मारलेत." तो संध्याकडे वळला. "ताई, पुण्याच्या लोकांचे हात बघा!"

संध्यानं आपले हात पाठीमागे नेले. ब्रॅकेट घासताना उजव्या अंगठ्याचं नख गेलं होतं. ते पुन्हा आलं होतं, पण वाकडं आलं होतं.

"चक्कर मारून बघा," ती म्हणाली.

प्रणय आणि संध्या जेलच्या रस्त्यानं जाऊन आले. परत आल्यावर प्रणय गाडीतून लगेच उतरला नाही. इंजिन बंद करून तो तसाच बसला, देवळात घंटा वाजवल्यावर आवाज विरेपर्यंत लोक थांबतात तसा.

"घ्यायची, बाबा."

मग मोतीरामभाऊंनी सूत्रं हातात घेतली. त्यांनी गाडीचं वय काढलं, स्वतःचं वय काढलं, मक्याचा भाव काढला. "एवढ्याशा गाडीत दोनच माणसं बसतात, मग अर्धीच किंमत पाहिजे," म्हणाले. सत्यभामाबाईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "भाऊ, मग ट्रॅक्टरवर तर एकच बसतो." मोतीरामभाऊ चहात हसले. घासाघीस होत होत संध्याला हवा होता त्याच्या अगदी जवळच्या आकड्यावर व्यवहार येऊन थांबला. तेवढ्यात शेडचा बयाणा निघत होता, आणि गाड्या उचलायची लिफ्टही.

"ठीक आहे," मोतीरामभाऊ म्हणाले. "पण बाई, एक सांगतो. पुण्याचं काम आहे म्हणून एवढं देतोय. इथल्या कुणी ठोकाठोक केलेली असती, तर निम्म्यालाही हात लावला नसता."

"व्हय ना," सत्यभामाबाई पटकन म्हणाल्या. "पुणं ते पुणं."

संध्यानं मान हलवली. हो म्हटलं की नाही, ते करुणाला कळलं नाही.

मोतीरामभाऊंनी पैसे पाठवायला फोन काढला. तेवढ्यात प्रणय म्हणाला, "बाबा, एक मिनिट. ताई, त्या गॅरेजचा नंबर द्या."

"कशाला?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"अहो मावशी, उद्या काही झालं तर? सिल्लोडात या गाडीला कोण हात लावणार? आणि मला नाही द्यायची दुसऱ्या कुणाच्या हातात. ज्यानं बनवली त्यालाच दाखवीन, पुण्याला न्यावी लागली तरी नेईन. माझ्या दोन मित्रांच्या गाड्या आहेत, त्यापण करायच्यात." त्यानं आपला फोन उघडून संध्यापुढे धरला. "इथं टाका नंबर. एकदा बोलून घेतो, मग पैसे पाठवतो."

सत्यभामाबाईंनी रिकामे कप एकात एक घातले, बाहेर काढले, पुन्हा घातले.

"नंबर ना," त्या म्हणाल्या, "बघावा लागंल. कुठंतरी ठेवलाय. काय गं, संध्ये?"

"हो," संध्या म्हणाली. "म्हणजे..."

तिनं फोन घेतला. अंगठा आकड्यांवर नेला आणि तिथेच थांबवला. मोतीरामभाऊ सीटवरून पुढे झुकून बघत होते. आईची नजर तिच्यावर होती. ती नजर सांगत होती, एखादा कुठलाही नंबर टाक, लागला नाही तर म्हण आज रविवार आहे, गॅरेज बंद असेल. ते सुचायला फारशी अक्कल लागत नव्हती. संध्यालाही सुचलं असणारच.

"रविवार आहे," संध्या हळूच म्हणाली. "बहुतेक..."

आणि ती पुन्हा थांबली. प्रणयकडे पाहिलं. तो अजून त्या ब्रॅकेटकडेच बघत होता.

करुणा पायरीवरून उठली. शाळेत पहिलीत असताना गुरुजींनी सगळ्या मुलांकडून एकेक नंबर पाठ करून घेतला होता, हरवलात तर सांगायला. बाकीच्यांनी वडिलांचा पाठ केला. करुणाचे आई-बाबा दोघंही पाळीवर असायचे आणि त्यांचे फोन कंपनीच्या लॉकरमध्ये. म्हणून तिनं आत्याचा पाठ केला होता.

"मला पाठ आहे गॅरेजचा नंबर," ती म्हणाली.

तिनं आत्याच्या हातून प्रणयचा फोन काढून घेतला. जीभ ओठात दाबून तिनं एकेक आकडा दाबला, एकदा मनात म्हणून तपासला, आणि कुणी सांगायच्या आत हिरवं बटणही दाबलं.